घरच्या माणसांची साक्ष

नवरा मुंबईत तापानं गेला तेव्हा मी विशीतच होते. सासर लांज्याच्या बाजूला. दिराला माझ्यात फुकटची कामकरीण दिसली. शेतात राबायचं, गोठा काढायचा आणि वर त्याच्या शिव्या ऐकायच्या. वर्षभर सोसलं आणि रत्नागिरीला मावशीकडे निघून आले.

तिथं अनाथ मुलींचा एक आश्रम होता. मुलींना सांभाळणारी बाई आजारी पडली म्हणून मला तात्पुरतं ठेवून घेतलं. मुलींना न्हाऊ घालायचं, उवा काढायच्या, पेज वाढायची, कुणी तापली तर उशाशी बसायचं. सगळ्यांत धाकटी चार वर्षांची होती. ती कुणाशी बोलतच नसे. एक दिवस माझा पदर धरून म्हणाली, "मावशी, आज म्हावरा नाय?" दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरून तळलेला बांगडा नेला तिच्यासाठी.

आधीची बाई परत आलीच नाही. मला कायम करायचं तर आधी माझ्या वागणुकीची चौकशी व्हावी, असं आश्रमाच्या पंचांनी ठरवलं. मला ते रास्तच वाटलं. पोरक्या मुली कुणाच्या हाती द्यायच्या, हे बघायला नको? आश्रमाचा कारकून माझ्या सासरी गेला, दिराच्या ओटीवर बसला, तिथंच जेवला आणि परत आला.

मग अध्यक्षांनी मला बोलावलं.

"तुमचे दीर म्हणतात, विधवा बाई एकटी घर सोडून गेली, यातच काय ते समजा."

"शेजारी कुणाला विचारलंत का? मी का निघाले ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे."

"घरच्यांपेक्षा शेजाऱ्यांना जास्त माहीत असतं का?"

"मग मुलींना विचारा. इतके महिने त्या माझ्याजवळ आहेत."

"मुलींना काय कळतंय," ते म्हणाले आणि उठले.

माझ्या जागी एका पंचांच्या नात्यातली बाई आली. मी काजू फोडायच्या कामाला लागले. चिकानं बोटांची सालं निघत. त्याचं काही वाटत नसे, पण मुलींची आठवण आली की घास उतरत नसे.

पुढं एका सोमवारी आश्रमाच्या मुली देवळात आलेल्या दिसल्या. धाकटीच्या दंडावर भाजल्याचे लांबट डाग होते. "काय झालं गो?" म्हणून विचारलं, तर तिनं सोबत आलेल्या त्या नव्या बाईकडे पाहिलं आणि हात पाठीमागे घेतला. मोठी मुलगी हळूच म्हणाली, "अंथरूण ओलं केलं की उलथन्याचा चटका देतात."

मी तडक त्या पंचांच्या घरी गेले. ते सुपारी कातरत बसले होते.

"त्या नव्या बाईंची चौकशी केली होती का कुणी?"

"आमच्या घरातल्या बाईची चौकशी कसली करायची?" ते म्हणाले. "नोकरी गेली म्हणून बोलताय, कळतं मला."

मावशी मला सरकारी डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते भले गृहस्थ स्वतः आश्रमात गेले. आणखीही मुलींच्या अंगावर तसेच डाग निघाले. मग मात्र पंच हलले. प्रकृती बरी नसते असं सांगून त्या बाईला लुगडं देऊन निरोप दिला. पुढं कानावर आलं, ती मुंबईत कुठल्याशा घरी आजारी म्हातारीची देखभाल करते. तिथंही ती चांगल्या घरची म्हणूनच लागली असणार.

मला परत कुणी बोलावलं नाही. उलट, ठेवायच्या प्रत्येक बाईच्या सासरी विचारपूस केल्याशिवाय तिला घ्यायचं नाही, असा नियम झाला.

धाकटीला भेटायला गेले तर ती तिथं नव्हती. मंडणगडच्या बाजूचा कुणी चुलता आला होता म्हणे, त्याच्या हवाली केली.

"तो कसा आहे, कोण आहे, ते बघितलंत?" मी कारकुनाला विचारलं.

"चुलता आहे ना तिचा," तो म्हणाला.

मंडणगडला जायचं मी कितीदा तरी मनात आणलं. पण तिथल्या दारात उभी राहून मी तिची कोण म्हणून सांगणार होते?