न पाहिलेल्या गावाच्या ताई

ताई पेन्सिलीचं मागचं टोक स्क्रीनवर दोनदा आपटायच्या आणि विचारायच्या, "आणि पोर दमलं तर?"

हा प्रश्न त्या नक्की कोणाला विचारतात, हे कळायला मला आठवडा लागला. समोर कोणी नसायचं. स्क्रीनवर एखादं तळं असायचं, त्यात हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या, नाहीतर झुडपांचा चक्रव्यूह. ताई त्या चक्रव्यूहालाच जाब विचारत असायच्या.

आमचं ऑफिस कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये, सातव्या मजल्यावर. कामाचं स्वरूप ऐकून लोक हसतात, म्हणून हल्ली मी सांगत नाही, तुम्हाला सांगते. आयर्लंडमध्ये एक बाजाराचं गाव आहे. आठवड्यातून एकदा तिथे गुरांचा बाजार भरतो, बाकीचे दिवस गाव जांभया देतं. त्या गावाच्या आसपास मुलाबाळांना घेऊन जाण्यासारखी ठिकाणं आहेत: गाढवांचं फार्म, दलदलीतून जाणारी छोटी आगगाडी, गवताने शाकारलेलं जुनं घर, जिथे मुलांना पाव भाजायला देतात. त्या सगळ्यांची माहिती वेबसाइटवर लिहायची आणि ताजी ठेवायची, हे आमचं काम. आमच्यातलं कोणीही आयर्लंडला गेलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त शेळ्यांच्या जागी गाढवं.

प्रत्येक ठिकाणासाठी एक फॉर्म असतो. गाडी लावायला जागा, स्वच्छतागृह, बाबागाडी जाते का, आणि शेवटची चौकट, 'कुटुंबासाठी योग्य'. ती टिक केली की नोंद पूर्ण. आम्ही बाकीचे लोक फोटो बघायचो, हिरवळ दिसली की टिक करायचो आणि चहाला जायचो. ताई फोन करायच्या.

ताई मराठीच, पण तिसऱ्या पिढीच्या कोलकात्याच्या. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात, बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये, मग बराकपूरला एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्ती. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं, फक्त मधूनच त्या मला "चहा खाणार का?" असं विचारायच्या. मी हसले की म्हणायच्या, "इथे खातातच. तूही खाशील दोन वर्षांत." मी नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे आलेली, पोटातलं पाणी अजून साताऱ्याचं. आज पाहते तर माझा मुलगा पाणीसुद्धा खातो.

गाढवांच्या फार्मवर फोन लावला की ताईंचा आवाज बदलायचा. तिकडे एक शेतकरीणबाई होत्या, त्यांना प्रत्येक गोष्ट 'ग्रँड' वाटायची. रस्ता ग्रँड आहे, चिखल आहे पण ग्रँड आहे, कुंपण पडलंय, पण सगळं ग्रँड. ताई माउथपीसवर हात ठेवून मला म्हणायच्या, "यांचं ग्रँड म्हणजे तुमच्याकडचं 'चालतंय की'. यावर टिक नाही करायची." मग पुन्हा शिक्षिकेच्या इंग्रजीत शांतपणे विचारायच्या, बाई, चिखल किती, चपलेपुरता की घोट्यापर्यंत? बसायला बाकडं कुठे? त्याला पाठ आहे का? पलीकडची बाई बिचारी फोन हातात घेऊन बाहेर जायची आणि बघून यायची.

"एवढं कशाला, ताई?" मी एकदा वैतागून विचारलं. माझ्या दहा नोंदी होईपर्यंत त्यांच्या तीन व्हायच्या आणि आमच्या गटाचं नाव खाली जायचं.

"चाळीस मुलींना घेऊन कधी सहलीला गेली आहेस? मी पंचवीस वर्षं गेले. जाताना सगळं छान असतं गं. येताना कळतं जागा कशी आहे ते." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "लोक वर्षात एक दिवस काढतात. पैसे साठवून, भांडणं मिटवून, डबे भरून. तो दिवस आपण वाया घालवायचा का?"

मी हो-हो म्हटलं आणि पुढची हिरवळ टिक केली.

आमचं भांडण व्हायचं ते डोंगरांवरून. अजिंक्यताऱ्यावर सकाळी पाय मोकळे करायला जाणारी माणसं आम्ही. ताईंचा जन्म सपाट जमिनीवर गेलेला. ऑफिसचा जिना चढायचा झाला तरी त्या आधी त्याच्याकडे वर बघून घ्यायच्या. एखाद्या ठिकाणी चढ आहे असं दिसलं की तीन-तीन फोन करायच्या. मी चिडवायची, "ताई, याला आमच्याकडे चढ नाही म्हणत, अंगण म्हणतात." त्या न चिडता म्हणायच्या, "दुरून डोंगर साजरे ही म्हण तुम्हीच लोकांनी केली ना? मग लक्षात ठेव की."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चार दिवस रजा. त्यांच्या यादीत एकच नोंद अर्धवट होती. गावाबाहेर एक टेकडी, टेकडीवर जुना दगडी मनोरा. मनोऱ्याची देखभाल एक म्हातारे गृहस्थ करायचे आणि ते फोन उचलत नसत. ताईंनी दोन आठवडे प्रयत्न केला होता. शेवटची चौकट रिकामी होती.

त्या दिवशी महिन्याचा हिशेब द्यायचा होता. साहेब दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन गेले. घरून फोन आला होता, मुलाला ताप, पाळणाघरवाली म्हणत होती घेऊन जा. ताईंचा पासवर्ड मला माहीत होता, अडीअडचणीला असावा म्हणून त्यांनीच दिलेला. मी नोंद उघडली. फोटोत एक हिरवीगार, गुबगुबीत टेकडी होती. गाडीतळापासून मनोऱ्यापर्यंत चारशे मीटर. ही काय टेकडी आहे, मी मनात म्हटलं. बाबागाडी जाते, टिक. कुटुंबासाठी योग्य, टिक. आणि मी पर्स उचलून बाहेर पडले.

ताई परत आल्या तेव्हा नोंद पूर्ण दिसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "लागला फोन शेवटी." खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच काही वाटलं नाही. त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काय.

जूनमध्ये पत्र आलं. एका आजीचं. तिची मुलगी आणि जावई दुसऱ्या शहरात राहायचे, नातवंडं पहिल्यांदाच एका दिवसासाठी तिच्याकडे सोपवली होती. एक सात वर्षांची, एक बाबागाडीतला. तिने आमचं पान वाचलं आणि टेकडी निवडली. अर्ध्या वाटेवर चढ उभा झाला, वर पाऊस. बाबागाडी पुढे जाईना आणि मागे उतरवायचा तिला धीर होईना. तासभर ती गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ओल्या गवतात उभी होती. मग मेंढ्या हाकत एक माणूस आला, त्याने सगळ्यांना खाली आणलं. 'कोणालाही लागलेलं नाही,' तिने लिहिलं होतं, 'पण माझी मुलगी आता मुलांना माझ्या एकटीबरोबर पाठवणार नाही असं म्हणते. तुम्ही हे पान लिहिताना तिथे जाऊन पाहिलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.'

रागाचा एक शब्द नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, पत्र मोठ्याने वाचलं आणि नोंद उघडली. वर ताईंचं नाव.

"दीदी, यह एंट्री आपकी है ना?"

नव्या चष्म्यातून त्यांनी पडद्यावरच्या तारखेकडे पाहिलं. त्या तारखेला त्या डोळ्यावर पट्टी बांधून घरी होत्या, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दटावून नाही. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर येतंय हे बाईंना ठाऊक असतं आणि त्या तिला वेळ देतात, तसं.

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. नोकरीत कायम होऊन मला महिनासुद्धा झाला नव्हता. मुलाच्या शाळेची फी, नवऱ्याची पुढची बदली, हे सगळं त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यातून फिरून आलं, आणि मला हेही कळत होतं की ही कारणं आहेत, उत्तर नाही.

"हाँ," ताई म्हणाल्या. "मेरे नाम पर है."

त्या वर्षावर्षाच्या करारावर होत्या. करार जुलैत संपायचा होता, तो पुढे वाढवला नाही. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी अपमान केला नाही. आमच्याकडे माणूस असाच जातो, एक ईमेल येते आणि गळ्यातलं ओळखपत्र परत द्यायचं. शेवटचे दोन आठवडे ताईंनी त्या आजीला पत्र लिहिण्यात घालवले. साहेबांनी ठरावीक माफीचा मजकूर दिला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. एवढं माहीत आहे की मनोऱ्याच्या म्हाताऱ्याला त्यांनी शेवटी गाठलं, त्याच्याकडून चढाचा इंच न् इंच विचारून घेतला आणि चौकटीतली टिक काढली.

शेवटच्या दिवशी आम्ही बसस्टॉपपर्यंत बरोबर चाललो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "मी तशीही थकलेच होते गं. बराकपूरहून रोज ट्रेन, मग बस. कितीदा वाटायचं, पुरे आता." मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मी मानलं. घरी येऊन मुलाला वरणभात भरवला आणि व्यवस्थित झोपले. हे लिहायला लाज वाटते, पण झोपले.

त्यांच्या जागेवर नवीन मुलगी आली, हुशार आहे, दिवसात वीस नोंदी करते. गाढवांच्या फार्मवाल्या बाईंचा एकदा फोन आला, तुमच्याकडच्या त्या मॅडम कुठे गेल्या म्हणून. मी म्हटलं, रजेवर आहेत. बाई म्हणाली, ग्रँड.

या जानेवारीत एका रविवारी मी मुलाला घेऊन बराकपूरला गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. ताईंनी दार उघडलं तेव्हा त्या निम्म्या झाल्यासारख्या दिसल्या. घरात दोन खोल्या, भिंतीवर जगाचा जुना नकाशा, शाळेतून निवृत्तीच्या वेळी मिळालेला. निवृत्तिवेतन जेमतेम आहे, आता शेजारच्या दोन मुलींची शिकवणी घेतात, हे त्यांनी तक्रार न करता सांगितलं. साबुदाण्याची खिचडी केली होती. माझ्या मुलाला नोलेन गुडाचा संदेश, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची मिठाई, दिला आणि नकाशात बोट धरून कोलकाता दाखवलं. तो त्यांच्याशी बंगालीत बोलत होता, त्या त्याला मराठीत उत्तरं देत होत्या. दोघांचं छान चाललं होतं. दुपारभर मी दहा वेळा सुरुवात केली आणि दहा वेळा खिचडी छान झाली आहे असं म्हणाले.

त्या स्टेशनवर सोडायला आल्या. सियालदाहची गाडी येत असल्याची घोषणा झाली, आणि आता नाही तर कधीच नाही असं वाटून मी एका दमात बोलून टाकलं. ती टिक मी केली होती. फोन लागला नव्हता. मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली.

ताईंनी माझ्या मुलाची माकडटोपी नीट केली, कानावर ओढली.

"हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

आवाज चढला नाही. खरंच विचारत होत्या. गाडी आली, त्यांनी मुलाला उचलून आत दिलं, मागून संदेशाचा पुडा दिला, आणि गाडी हलायच्या आतच वळून चालायला लागल्या. मी दारातून बघत राहिले. त्यांनी मागे पाहिलं नाही.

साहेब सोमवारी सकाळी आमच्या मजल्यावर येतात. माझ्या टेबलासमोरूनच जातात, कधीकधी थांबून मुलाची चौकशीही करतात. माणूस वाईट नाही, ऐकून घेईल. ताईंना परत घेईल की मला घालवील, ते ठाऊक नाही. बराकपूरहून आल्यापासून आतापर्यंत पाच सोमवार झाले.