तांबड्या ताऱ्यासाठी सोलापूरला

सोलापूरला हौसेने कोणी जात नाही. कापडाचे व्यापारी जातात, खटल्याच्या तारखेला वकील जातात, आणि ज्यांची मुलगी तिकडे दिलेली असते ते बिचारे जातात. मी मात्र एका ताऱ्यासाठी गेलो. हे वाक्य लिहिताना जितके भव्य वाटते, तितका तो प्रवास भव्य नव्हता.

आमच्या पुण्यात आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांचे एक मंडळ आहे. मंडळात माणसे सात. त्यांपैकी रावसाहेब अध्यक्ष, मी चिटणीस, आणि उरलेले पाच जण माना डोलावण्यासाठी. काही तारे कायम सारखे तेजस्वी नसतात. महिन्यांमागून महिने ते उजळतात आणि मंदावतात. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. आजूबाजूच्या स्थिर ताऱ्यांशी त्यांची तुलना करायची, तेजाचा आकडा ठरवायचा आणि तो टिपून ठेवायचा, हे आमचे काम. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. ही टिपणे मी वर्षातून दोनदा विलायतेतल्या एका मोठ्या संस्थेकडे पाठवतो.

त्या हिवाळ्यात तिमिंगल या तारकासमूहातला एक तांबूस तारा उजळत होता. रावसाहेबांनी आपल्या गच्चीवरून त्याला बघितले आणि जाहीर केले, "तीन पूर्णांक दोन." दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाचही जणांना तो तीन पूर्णांक दोनच दिसला. मलाही दिसला. फक्त सोलापूरहून एक पोस्टकार्ड आले, त्यात लिहिले होते, "तीन पूर्णांक नऊ."

हे कार्ड नरसय्या नावाच्या एका रंगाऱ्याचे होते. आमच्या मंडळाचा एक लेख मासिकात वाचून त्याने पत्र लिहिले होते आणि मी त्याला ताऱ्यांचा नकाशा पाठवला होता. तेव्हापासून दोन वर्षे तो दर पंधरवड्याला टिपणे धाडत होता, आणि ती बहुधा आमच्याशी जुळत नसत. रावसाहेब संतापले. "सूत रंगवणारा माणूस आपल्याला तारे शिकवणार का?" त्यांनी त्याचे नाव मंडळाला टिपणे पाठवणाऱ्यांच्या यादीतून कमी केल्याचे पत्र लिहिले आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः जा, त्याचे डोळे तपासा, आणि हे हातात द्या." शाळेला सुटी होती. मी येत असल्याचे नरसय्याला कळवले, पत्र कोटाच्या खिशात घातले आणि पहाटेच्या पॅसेंजरमध्ये बसलो.

दौंड सुटले तशी झाडे संपली. कुर्डुवाडीला चहा म्हणून जे मिळाले त्याला मी चहा म्हणणार नाही. त्यानंतर ज्वारी, काळी माती, पुन्हा ज्वारी. समोरच्या बाकावरचा बार्शीचा एक अडत्या मला विचारू लागला, "काय काम काढलंत सोलापुरात?"

"तारा बघायला चाललोय," मी म्हणालो.

"का? पुण्यात उगवत नाही का?" असे म्हणून त्याने तोंडावर उपरणे घेतले आणि सोलापूर येईपर्यंत घोरला.

स्टेशनातून बाहेर पडलो तर गिरण्यांचा भोंगा वाजत होता. धूर, धूळ, आणि सगळ्यावर सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास. टांगेवाल्याला साखर पेठ आणि नरसय्याचे नाव सांगितले. तो म्हणाला, "बैठो मास्टर. नरसय्या रंगारी? वो तारेवाला?" आणि तो हसला. माझ्या सुटाबुटाकडे पाहून आणखी थोडा हसला. या गावात निदान तारेवाला म्हटले की घर सापडते. पुण्यात आमच्या मंडळाचे नाव सांगितले तर टांगेवाला वेड्यांच्या इस्पितळाकडे नेईल.

नरसय्याचे घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या अंगणात रंगाची कढई, आणि तारेवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी. त्याची बायको राजव्वा दारात आली, "कूर्चोंडी (बसा)" म्हणाली आणि तांब्या पुढे ठेवला. मग नरसय्या आला. चाळिशीचा, काटकुळा, कोपरापर्यंत दोन्ही हात निळे. हात जोडावेत की लपवावेत हे त्याला कळेना. मलाही कळले नाही की अशा हाताशी काय करायचे.

"पुण्याचे मास्तर! तुमचं अक्षर ओळखतो मी," तो म्हणाला आणि पेटीतून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला. ती माझीच कार्डे होती. दर पंधरवड्याला मी त्याला एक ओळ लिहीत असे: "टिपणे पोहोचली. आभारी आहे." त्याने एकही टाकले नव्हते. राजव्वाकडे बघून तो म्हणाला, "बघ, विलायतेला जातात ती टिपणं ह्यांच्याच हातून जातात."

वाचकहो, आता सांगून टाकतो. त्याचे एकही टिपण विलायतेला गेले नव्हते. "मेळ बसत नाही ते पाठवू नका," असे रावसाहेबांनी सांगितले होते, आणि मी ती सगळी टेबलाच्या खणात ठेवत होतो. खिशातले पत्र तेव्हाच काढायला हवे होते. मी पाणी प्यालो आणि हवेबद्दल बोललो.

जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. ती चटणी म्हणजे शेंगदाण्याच्या वेषातला जाळ. मी घास घेतला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले आणि मूर्खासारखे मी त्याच बोटांनी डोळे चोळले. राजव्वा धावत ओले फडके घेऊन आली. नरसय्या गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, आज डोळ्यांचंच काम हाय की." तपासायला गेलो होतो त्याचे डोळे, आणि माझेच ओल्या फडक्याखाली झाकून अर्धा तास पडून राहिलो.

शहरात रात्री जत्रेचे दिवे लागत, त्यामुळे तिथून आकाश दिसणे अवघड. नरसय्याने वळसंगला जायचे ठरवले होते. तिथे शिवाप्पा नावाच्या त्याच्या शेतकरी मित्राचे रान होते. दुपारच्या सर्व्हिस मोटारीत आम्ही दोघे, सोळा माणसे, एक शेळी आणि माझी दुर्बीण असे बसलो. वाटेत टायर फुटला. ड्रायव्हरने शिव्या कानडीत दिल्या आणि टायर मराठीत बदलला. शेळीने मात्र माझ्या नकाशाचा कोपरा खाल्ला. सुदैवाने त्या कोपऱ्यात महत्त्वाचे तारे नव्हते.

शिवाप्पाने "बर्री, बर्री (या, या)" म्हणत घोंगडे अंथरले. आगटीत ज्वारीची कोवळी कणसे भाजली, हातावर चोळली आणि गरम हुरडा पुढे केला. एवढे एकच सांगतो: सबंध प्रवासात नाव ठेवावे असे काही सापडले नाही ते फक्त या हुरड्यात. दिवस मावळला. अमावास्या जवळ होती. सात वाजता आकाश असे उघडले की पुण्यातल्या गच्चीवरून आपण बघतो ते काय असते असा प्रश्न पडावा. तिमिंगल डोक्यावरून जरासा दक्षिणेला आला होता.

मी परीक्षकाचा आवाज काढला. दोघांनी वेगवेगळे बसायचे, बोलायचे नाही, आकडा चिठ्ठीवर लिहून शिवाप्पाकडे द्यायचा. तुलनेला त्या तांबूस ताऱ्याजवळचे दोन पांढरे तारे घेतले. एक साडेतीनचा, दुसरा त्याहून मंद, चार पूर्णांक एकचा. रावसाहेबांच्या मते आपला तारा पहिल्याहून तेजस्वी होता. नरसय्याच्या मते दोघांच्या मधला.

मी दुर्बीण लावली, मग काढली, मग तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बराच वेळ बघितले. आणि लिहिले, ३.२. लिहिल्यावर लक्षात आले की आकडा माझ्या मनात मोटारीतच ठरलेला होता.

शिवाप्पाने आगटीच्या उजेडात चिठ्ठ्या उघडल्या. "मास्तरांचे तीन दोन. नरसय्याचे तीन नऊ."

"बघा," मी म्हणालो, "इतका फरक चालत नाही."

नरसय्याने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. मग म्हणाला, "मास्तर, एक विचारू? तुम्ही टक लावून बघता काय?"

"मग कसे बघायचे?"

"तांबड्याला टक लावून बघायचं नसतं. आमच्या कामात बी तसंच. लाल सुताची लडी हातात धरून बघत बसलं की लाल फुगतो, अन् पक्का लाल झाला म्हणून माणूस लवकर बाहेर काढतो. मग धुतल्यावर कळतं, कच्चा राहिला. म्हणून आमी एकदा बघतो, नजर काढतो, परत बघतो. हा तारा तांबडा हाय. शेजारचे पांढरे. टक लावली की हा वाढतो, ते न्हाय वाढत."

शिवाप्पाने आकाशाकडे तोंड केले. त्याला आकडे, मंडळ, विलायत कशाचेच काही नव्हते. "कुठला? ह्यो लालसर? ह्यो तर त्या दोघांच्या मधी हाय की. मंद हाय त्याच्याकडं कललेला. ह्यात भांडायचं काय?"

मी परत बघितले. ओझरते, नजर काढून, पुन्हा ओझरते. पहिल्या ताऱ्याकडे, मग याच्याकडे, मग दुसऱ्याकडे. तारा मंद होता. साडेतीनच्या ताऱ्याच्या तो जवळपासही येत नव्हता. मी दुसरी चिठ्ठी लिहिली, ३.९, आणि या वेळी शिवाप्पाकडे न देता नरसय्याकडे दिली.

तो इतका खूश झाला की मला ते सहन होईना. "मग आता विलायतवाल्यांना सगळं जुळलेलं दिसंल, व्हय की नाही?"

तेव्हा मी सांगितले. टिपणे खणात आहेत हे सांगितले, खिशातले पत्र काढून दाखवले, आणि ते का लिहिले तेही सांगितले.

नरसय्या उठला आणि बांधाकडे चालत गेला. बऱ्याच वेळाने आला तो बसला नाही.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "थंडीत, पावसाळ्यात ढग फाटायची वाट बघत. राजव्वा म्हणायची, कुणासाठी करता? मी तुमची कार्डं दाखवायचो तिला. पाठवायचं नव्हतं तर 'पोहोचली' म्हणून का लिहीत होता?"

"सभ्यता म्हणून," मी म्हणालो.

"पुण्यात ह्याला सभ्यता म्हणतात?"

शिवाप्पा कानडीत काहीतरी हळू बोलला. नरसय्याने मान हलवली. त्या रात्री आम्ही तिघे एकाच घोंगडीवर झोपलो, आणि माझ्या बाजूला जरा जास्त जागा सोडलेली होती.

सकाळी परत जाताना मोटारीत तो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. साखर पेठेत उतरल्यावर त्याने दोन वर्षांची वही आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही माझी दुसरी नक्कल. पहिली घरीच राहील. ज्या दिवशी टपालात टाकाल त्या दिवशीचा शिक्का मला दाखवा. कार्ड नको." राजव्वाने दशमीचे गाठोडे दिले. तिला अजून काही माहीत नव्हते; तिने हसून निरोप दिला, आणि ते मला त्याच्या रागापेक्षा जड गेले.

पुण्यात आल्यावर मी तीन संध्याकाळी बसून वही उतरवून काढली. मग माझ्या स्वतःच्या टिपणांचे पान काढले आणि रावसाहेबांचे ऐकून जिथे जिथे आकडा लिहिला होता तिथे तिथे आडवी रेघ मारली. पानावर फार थोडे उरले. दोन्ही एकत्र विलायतेच्या पत्त्यावर रजिस्टर केले आणि टपालाची पावती सोलापूरला पाठवली. तिकडून उत्तर आलेले नाही. ते मागायचा मला हक्क नाही.

रविवारी बैठक झाली. मी सगळे सांगितले. रावसाहेब म्हणाले, "गाडीच्या हादऱ्याने तुमचे डोळे बिघडलेत," आणि चिटणीसपद माझ्याकडून काढून घेतले. पाचांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. सोलापूरबद्दल मी वर पुष्कळ तुच्छतेने लिहिले आहे. धूळ, चहा, शेळी, सगळ्यांना नावे ठेवली आहेत, आणि ती मी मागे घेत नाही. पण तिथे एका रंगाऱ्याने आणि एका शेतकऱ्याने दिसेल तेच सांगितले होते.

बैठक संपल्यावर जिन्यावर एकाने मला गाठले, मागे वळून बघितले आणि कुजबुजला, "खरे सांगू? मलाही तो मंदच दिसत होता." फाटकाजवळ दुसऱ्याने तेच सांगितले. रस्त्यावर तिसऱ्याने आणि चौथ्याने. पाचव्याला मी विचारले नाही. तो कंदील धरून रावसाहेबांना घरी पोहोचवायला निघाला होता.