आत्याचं ओलं बोट

आत्या ब्रेक चाटते, अशी बातमी होती. ती पहिल्यांदा कुणी सोडली ते कळलं नाही, पण वाढवली दातांच्या डॉक्टरांनी, एवढं नक्की. सांगताना ते आधी इकडेतिकडे बघायचे, मग आवाज खाली आणायचे, तोही सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतपतच. "मी प्रत्यक्ष पाहिलंय हो. चकती अशी चिमटीत धरली, आणि..." पुढचं ते जीभ काढून दाखवायचे. दुसऱ्यांच्या जिभा बघण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे ते फार पटायचं.

खरं एवढंच होतं की आत्या स्वतःचं बोट चाटायची. मग ते ओलं बोट ब्रेकच्या चकतीला टेकवायची, डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून घ्यायची आणि कान द्यायची. इस्त्री तापली का बघतात, तसं. नुसतं 'टक्' झालं तर ठीक. 'चर्रर्र' होऊन लांबलं, तर ती गाडीच्या मालकाकडे मान वर करून विचारायची, "कुणावरचा राग काढताय एवढा?"

गाड्या म्हणजे हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या. पण बॅटरीच्या नव्हेत. पोटात खरं इंजिन, अक्रोडाएवढं. त्यांच्या इंधनात एरंडेल मिसळलेलं असतं, त्यामुळे रविवारी सकाळी गोदामामागच्या त्या डांबरी मैदानावर एरंडेलाचाच वास भरून राहायचा, आणि हरलेल्यांची तोंडंही ते घोटभर प्यायल्यासारखी दिसायची. गाडी सुटते गोळीसारखी. तिला आवरायला चकती मात्र एकच, नाण्याएवढी, मधल्या दांड्यावर बसवलेली. त्या दांड्यावरून दातेरी रबरी पट्टे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जातात. चकती तापली की ब्रेक लागेनासा होतो. पट्ट्याचे दाते झिजले की गाडी नुसती ओरडते, पळत नाही. मैदानावरची निम्मी भांडणं या दोन गोष्टींवरून व्हायची.

आत्याला या खेळातलं काही कळत नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची. एकतीस वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात शिलाई मशिनांची मेकॅनिक होती. लांबलचक हॉल, ऐंशी मशिनं, प्रत्येकाखाली मोटर आणि पट्टा. कमरेला पिशवी, पिशवीत पेचकस, तेलाची कुपी, दोऱ्याची रिकामी रिळं. तिकडे तिला 'मशीनबाई' म्हणायचे. मैदानावर ती सगळ्यांची आत्या झाली, कारण तिची भाची तिला आत्या म्हणायची आणि बाकीच्यांना दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टर वयाने तिच्याहून मोठे होते, तेही आत्याच म्हणत.

ती तिथे यायची ती भावासाठी. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकांवर काड्या बसवणारा शांत माणूस रविवारी गाड्या चालवणाऱ्यांच्या मचाणावर चढला की वेगळाच व्हायचा. बहीण-भावाचं बोलणं आठवडाभर फोनवर 'हो', 'नाही', 'ठेवते' इतकंच. रविवारी मात्र ती त्याच्या गाडीत हात घालायची, तो वरून सूचना द्यायचा, ती एकही ऐकायची नाही, आणि दोघांचं छान चालायचं.

आदल्या वर्षी ते बिघडलं. दादाची गाडी वळणावर न थांबता कडेच्या फळीवरून उडाली आणि फेऱ्या मोजायला बसलेल्या मास्तरांच्या घोट्यावर आपटली. सहा आठवडे प्लास्टर. मास्तर भले माणूस. म्हणाले, "अहो, शाळेत छत्तीस वर्षं पोरांनी काय काय फेकून मारलं. चाकं असलेलं पहिल्यांदाच लागलं." सगळे हसले. दादा हसला नाही.

आत्याने त्याच दिवशी चकती हुंगली. एरंडेलाचा वास. धुराड्याच्या नळीतून तेल चकतीवर ठिबकत होतं. तिने नळीचं तोंड दुसरीकडे वळवलं, मधे पत्र्याचा तुकडा आडवा लावला, चकतीला दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या. काम संपलं.

पण ब्रेक जातच राहिला. दर शर्यतीत दहाव्या-बाराव्या मिनिटाला मचाणावरून दादाचा आवाज यायचा, नाकातून, शेवट लांबवलेला: "ब्रेक गेलाऽऽ." त्याची मुलगी, म्हणजे आत्याची भाची, पंधरा वर्षांची, नकला करण्यात पटाईत. ती हे एक वाक्य असं म्हणायची की इंजिनं बंद असतानासुद्धा लोक दचकून मचाणाकडे बघत. वर्षभरात दादाने जाड चकती लावली, महाग पट्ट्या लावल्या, हवा लागावी म्हणून गाडीच्या टपाला भोकं पाडली. त्या भोकांतून धूळ तेवढी आत आली. पट्टे तर गाडी महिन्याला एक खाऊ लागली.

शेवटी वार्षिक फायनलच्या आठ दिवस आधी दादा डॉक्टरांना म्हणाला, "या वेळी ब्रेक गेला तर गाडी तुमची. मला नको आता." डॉक्टर म्हणाले, "छे छे, असं कसं, असं कसं," आणि किंमत विचारून घेतली.

गाडी गेली तर रविवार जाणार, हे आत्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग पुन्हा 'हो', 'नाही', 'ठेवते'.

तिने गाडी घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. चकती हुंगली. या वेळी तेलाचा वास अजिबात नाही, फक्त करपलेला. ब्रेकच्या पट्ट्या काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. मग तिने पट्टा काढला, खिडकीपाशी नेला आणि दाते एकेक करून बघितले. गाडी ओढताना दात्याची एक बाजू झिजते, थांबवताना दुसरी. जोरात पळवणाऱ्यांच्या पट्ट्याची पहिली बाजू जाते. दादाच्या पट्ट्याची पहिली बाजू नव्यासारखी होती. दुसरी पार गेलेली.

भाची समोर बसून बिस्किट खात होती. आत्या म्हणाली, "तुझा बाप गाडी चालवत नाही गं. धरून ठेवतो."

"म्हणजे?"

आत्याने कारखान्यातलं सांगितलं. तिकडच्या मशिनांचं पायडल पुढे दाबलं की मशीन पळतं, टाचेने मागे दाबलं की थांबतं. नव्या मुलीच्या बोटातून एकदा सुई गेली की ती त्यानंतर टाच उचलतच नाही. शिवत असते आणि थांबवतही असते. मोटरमधलं, ब्रेकचं काम करणारं बूच जळतं, पट्टा जातो, आणि मुलगी म्हणते मशीन खराब आहे. मशीनही तोवर खराब झालेलंच असतं, म्हणजे तीही खोटं बोलत नसते.

"मग तू त्यांना सांगायचीस, घाबरू नका म्हणून?"

"एकदाच सांगितलं होतं. ती रडली आणि दुसरीकडे कामाला गेली. त्यानंतर नाही सांगितलं. पायडलची स्प्रिंग बदलायची. कडक. टेकवलेल्या टाचेने दबायची नाही, मुद्दाम दाबलं तरच दबायची. आणि कुणाला बोलायचं नाही."

तिने दादाचा रिमोट उलटा केला. ट्रिगर ओढला की गाडी पळते, बोटाने पुढे लोटला की ब्रेक. दादाचं बोट वळण लांब असतानाच पुढे रेलायचं. चार स्क्रू काढून तिने आतली नाजूक स्प्रिंग बाजूला ठेवली आणि पिशवीतून शिलाई मशिनाची एक काढली. दोन वेळा कापली, तिसऱ्यांदा बसली. नवा पट्टा चढवला, ब्रेकच्या नव्या पट्ट्या घातल्या, चकती आणि पट्टी यांच्यामधून कागद सरकेल एवढी फट ठेवली. जाड चकती काढून जुनी पातळ लावली.

"बाबांना कळेल," भाची म्हणाली.

"कळू दे."

"आणि तरी ब्रेक जाईल. बघ तू, पंधराव्या मिनिटाला. 'ब्रेक गेलाऽऽ.'" तिने ते इतकं हुबेहूब म्हटलं की आतल्या खोलीतून दादाच बोलला असं वाटावं.

"पैज," आत्या म्हणाली. "तो ते वाक्य म्हणाला, तर मी सगळ्यांसमोर चकती चाटून दाखवते. डॉक्टरांच्या अगदी तोंडासमोर. नाही म्हणाला, तर ही नक्कल बंद. कायमची."

भाचीने लगेच हात पुढे केला. असा सौदा कोण सोडतं?

फायनल तीस मिनिटांची होती. डॉक्टरांची गाडी आधीच बाद झाली होती, पण ते आले, आणि काखेत रिकामा खोका घेऊन आले. "पाऊसबिऊस आला तर असावा," म्हणाले. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

दर चार-पाच मिनिटांनी गाडी इंधनाला आत येई. पहिल्या वेळी आत्याने बोट ओलं करून टेकवलं. बारीक 'चर्र'. दुसऱ्या वेळीही तसंच. तिने कमरेच्या पिशवीची चेन दोनदा उघडझाक केली. मचाणावर दादा ट्रिगरकडे बघत होता. वरूनच म्हणाला, "हे जड लागतंय गं."

"नवीन सेल टाकलेत," आत्या म्हणाली.

चष्म्याच्या दुकानदाराला सेलने ट्रिगर जड होत नाही हे माहीत असणारच. त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग गाडीकडे पाहावं लागलं.

बारावं मिनिट गेलं. पंधराव्याला गाडी मास्तरांसमोरच्या वळणाकडे आली. मास्तर प्लास्टरवाला पाय सवयीने खुर्चीखाली घेऊन बसले होते, प्लास्टर नसलं तरी. गाडी सरळ रेषेत शेवटपर्यंत पळाली, तिथे दबली, वळली. मास्तरांनी फेरी लिहिली. चौथ्या वेळी इंधनाला आली तेव्हा आत्याने बोट टेकवलं. 'टक्'.

भाची तेव्हापासून मचाणाकडे तोंड करून उभी होती. विसाव्या मिनिटाला दादाचे ओठ हलले. तिने श्वास घेतला. तो शेजारच्याला म्हणाला, "सरका जरा."

दादा पाचवा आला. नऊ गाड्यांत पाचवा. खाली उतरून त्याने रुमालाने मान पुसली आणि आत्याला म्हणाला, "इंजिन जरा गरम वाटलं." आत्या म्हणाली, "बघते." डॉक्टर खोका घेऊन आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि विचारलं, "ब्रेक कसा काय राहिला हो?" दादाने खांदे उडवले आणि बहिणीकडे बोट दाखवलं. डॉक्टर हळूच म्हणाले, "चाटला असणार."

त्यानंतर दोन महिन्यांनी आत्याने ट्रिगरमधली जुनी स्प्रिंग परत बसवली. ते दादाला कळलं का, माहीत नाही. पट्टा अजून तोच आहे.

फायनलनंतरच्या पहिल्याच रविवारी मैदानावर कुणीतरी म्हणालं, "ए, तुझ्या बाबांचं ते 'ब्रेक गेला' म्हणून दाखव ना." पैज ती पैज. भाचीने तोंड मिटून घेतलं, आणि अजून मिटलेलंच ठेवलंय. वर ते वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय, पण लिहू नये असं कुठे ठरलं होतं?