प्लेट जिथं संपते

दरेकसाच्या डोंगराजवळच्या चौकीवर आमच्या प्लाटूनची पोस्टिंग होती. साल दोन हजारनंतरचं. मी प्लाटून हवालदार. गस्तीला निघण्याआधी प्रत्येकाचं बुलेटप्रूफ जॅकेट तपासणं माझं काम.

लोकांना वाटतं, जॅकेट घातलं की माणूस सगळा झाकला जातो. तसं नसतं. कापडाच्या आत पुढं एक आणि मागं एक अशी कडक प्लेट असते. रायफलची गोळी अडते ती त्या प्लेटवरच. तिची वरची कड गळ्याच्या खळग्याखाली यायला हवी. पट्टे सैल राहिले की ती पोटावर उतरते आणि काळीज उघडं पडतं.

नायक तेजराम बिसेन आमगावकडचा, पवार समाजातल्या शेतकऱ्याच्या घरचा. उंची सहा फुटांवर. स्टोअरमधलं सर्वांत मोठं जॅकेटही त्याला आखूड. त्या सकाळी मी त्याचे खांद्याचे पट्टे ओढले.

"उस्ताद, पोट उघडा राहून जाते ना."

"राहू दे."

"काऊन?"

"छातीत लागली तर वेळच मिळत नाही. पोटात लागली तर डॉक्टरपर्यंत नेता येतं."

तो हसला. "मंग वरच बांधा."

नाल्याजवळ आमच्यावर नक्षलवाद्यांचा फायर आला. पहिली गोळी बिसेनच्या प्लेटवर बसली. तो कोलमडला, पुन्हा गुडघ्यावर आला. दुसरी प्लेटच्या खाली लागली. आम्ही जवाबी फायर केला, तसे समोरचे जंगलात पांगले.

मी रेडिओवर सांगितलं, "एक जखमी. पोटात गोळी. गाडी पाठवा. ओव्हर."

"रस्त्यात सुरुंग आहेत का ते तपासून होईपर्यंत गाडी निघणार नाही. थांबा. ओव्हर."

आदेश बरोबर होता. आम्ही थांबलो.

बिसेन शुद्धीवर होता. पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी देत नाहीत. मी रुमाल ओला करून त्याच्या ओठांवर ठेवला. घरी धान कापून झाला असेल का, एवढं त्यानं विचारलं. ऊन कलल्यावर गाडी आली. त्याआधीच तो गेला होता.

पार्थिवासोबत मी त्याच्या गावी गेलो. वडिलांनी मला बाजूला घेतलं.

"जाकीट होता ना आंगावर?"

"होतं."

"बराबर घातला होता?"

"बरोबर होतं. मीच बांधलं."

प्लेट कुठून कुठवर असते, ते मी माझ्या छातीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी माझा हात धरून खाली पोटावर नेला.

"अन् इथं?"

"इथं काही नसतं, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि तेजरामजवळ जाऊन बसले.