शंभरातले शहात्तर

गवताचं बी दोन बोटं खोल पेरून, वर पायानं माती दाबून बसवणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात मी एकटाच असेन. बदनापूरकडच्या आमच्या शेतात ज्वारी अशीच खोल जायची, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. पुढं सगळं आयुष्य सळयांच्या कारखान्याच्या हापिसात गेलं. पंधरा दिवस अंगणात काही म्हणता काही हललं नाही, तेव्हा माझ्या बायकोचे मामा आले. उकिडवे बसले, नखानं माती उकरली आणि म्हणाले, "जावईबापू, हे पेरलं का पुरलं?" बियाण्यांच्या या गावात बियाण्यावर इतका कमी विश्वास आणि इतकी जास्त माया असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मामांनी तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत एकच काम केलं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते लिहायचं. उगवले तेवढेच लिहायचे. साहेब खुर्चीमागं येऊन खाकरला तरी एकाचे दोन करायचे नाहीत. मामा निवृत्त झाले, पण शंभर मोजण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. उसळीसाठी मटकी आणली की आधी तिच्यातले शंभर दाणे वेगळे भिजत पडणार. एकदा त्यांनी मोड न आलेले एकोणीस दाणे पुडीत बांधून किराणा दुकानदाराला नेऊन दाखवले. शेठजी बिचारे पिढीजात व्यापारी. त्यांनी हात जोडले आणि तेव्हापासून मामा दिसले की ते मटकीचं पोतं आत सरकवतात. मला बघायला आले तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. पोह्यांची बशी हातात घेऊन मामांनी मला खालून वर न्याहाळलं आणि बहिणीच्या कानाशी म्हणाले, "बी जुनं हाय आक्का, पन उगवल." हे दारापर्यंत ऐकू आलं. त्या शिफारशीवर माझं लग्न झालं, त्यामुळं मामांबद्दल तक्रार करायला मला तोंडच नाही.

अंगणात गवत लावायचा घाट आक्कांसाठी होता. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. राजूरजवळच्या खेड्यातून आमच्याकडं राहायला आल्या तेव्हा दोन लुगडी आणि फडक्यात गुंडाळलेलं एक खुरपं घेऊन आल्या होत्या. खुरपं कशाला, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चष्मा कशाला असं विचारलंय. पुढं अंगणातल्या शहाबादी फरशीवर त्या घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण भीती काही जाईना. चार महिने त्यांनी उंबरा ओलांडला नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल. आक्का खिडकीशी खाटेवर बसायच्या आणि म्हणायच्या, "फरशी दिसली का पाय आपोआप मागं येतो माय." मामांचं म्हणणं पडलं, अर्धं अंगण उकरून हिरवळ करा, मऊ गवत दिसलं की ती येईल. रोपवाटिकेतल्या तयार हिरवळीचा भाव ऐकून मी तिथला एक मोगरा हुंगला आणि घरी आलो. मग बियाण्याची ती पुडी आणली आणि पुरली.

उरलेल्या चिमूटभर बियांतून मामांनी भिंगाखाली चिमट्यानं शंभर वेगळ्या काढल्या आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ताटलीत आमच्या फ्रीजवर ठेवल्या. बारा दिवस आम्ही फ्रीजचं दार चोरासारखं उघडत होतो. तेराव्या दिवशी निकाल लागला. "शंभरातले शहात्तर. बियाचा बिलकुल दोष न्हाई," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे दोष कुणाचा ते कळलं. मग नवी पुडी आणली. बायकोची रव्याची चाळणी मातीत गेली. बी वाळूत कालवून मामांनी हळद-कुंकू वाहावं तसं चिमटीनं सोडलं, वर ओलं बारदान अंथरलं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून शिंपडायचं. आक्कांनी खिडकीतून विचारलं, काय पेरून राह्यला रे? मामा म्हणाले, कोथिंबीर. गवत विकत आणून पेरलं म्हटलं तर बहीण आयुष्यभर बोलेल, ही धास्ती.

दीड महिन्यात पोपटी लव धरली. पुढची गोष्ट एका सकाळची. मी ओट्यावर दाढी करत होतो, मामा गुडघ्यावर बसून रोपं मोजत होते. मागून मामांना हाक आली, "बाबू, हराळी हाय ती."

वळून पाहतो तर आक्का उंबऱ्याच्या बाहेर. एक हात भिंतीवर, दुसऱ्यात खुरपं. ज्यांनी उभा जन्म वाकून वाकून शेतातली हराळी खणली, त्यांना ती दुरूनसुद्धा ओळखू आली होती. नजर गवतावर होती, त्यामुळं पायाखालच्या फरशीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. एक, दोन, पाच पावलं. मी साबण लावलेल्या तोंडानं उठलो, तर मामांनी हातानंच खाली बसवलं. आक्का कडेला काढून ठेवलेल्या बारदानावर टेकल्या, दुखरा पाय लांब केला आणि कामाला लागल्या. मुळासकट उपटायचं, माती झटकायची, बाजूला रचायचं. दीड महिन्याची मेहनत वीतभर, हातभर उघडी पडत चालली. मामांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"कोथिंबीर कुठं हाय?" आक्कांनी मान वर न करता विचारलं.

साहेबासाठी ज्यांनी कधी एकाचे दोन केले नव्हते, ते मामा म्हणाले, "उगवली न्हाई आक्का. एक बी न्हाई."

"मंग बी तपासून पेरायचं असतं," आक्का म्हणाल्या. मामांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

अर्ध्या तासानं त्या भिंत धरून आल्या तशाच आत गेल्या, चहा मागितला. मामा उपटलेल्या ढिगाऱ्याशी बसून राहिले. आभार मानायची आमच्या घरात रीत नाही. मी नुसताच त्यांच्याशेजारी बसलो, अर्ध्या दाढीनं.

दारात उभ्या असलेल्या बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि मला म्हणाली, "अजून दोन पुड्या आणून ठेवा. आईला उद्याला काम पुरायचं न्हाई."