खवा लागला की पुस्तक चांगलं

आमची ईट गावात खव्याची भट्टी आहे. दूध आटवायला बसलं की हात कढईत गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळं भट्टीवर किस्से कधी कमी नव्हतेच. पण मैनानं मोबाईलला स्पीकर जोडून ऑडिओबुकं लावायला सुरुवात केली आणि तेव्हापासून एवढे किस्से साठलेत की विचारू नका. मी माहेरी गेले की भावजय आधी चहा टाकते, मग समोर मांडी घालून बसते आणि म्हणते, "हं, काकू आता कुणाला काय म्हणाल्या?"

काकू म्हणजे रुक्मिणकाकू, भट्टीवरच्या सगळ्यात जुन्या. मैना ही त्यांची सून. सासू एका कढईवर, सून शेजारच्या कढईवर, तिसरीवर मी. दूध घेऊन येतात ते बब्रुवानमामा. माझे मिस्टर भट्टीमागच्या शेतात असतात, म्हणजे हाक मारली तर येतात आणि नाही मारली तरी येतात. एवढीच आमची श्रोतेमंडळी.

*

पुस्तक चांगलं की वाईट, हे आमच्याकडं मोबाईलवरच्या ताऱ्यांवर ठरत नाही. खव्यावर ठरतं.

दूध दाट झालं की उलथनं क्षणभरही थांबवून चालत नाही. थांबलं की खवा खाली लागतो. आणि गोष्ट रंगात आली की हात नेमका तेव्हाच थांबतो! म्हणून आमचा हिशेब सरळ आहे. खवा लागला नाही तर पुस्तक ठीकठाक. थोडा लागला तर चांगलं. धूर निघाला तर त्याच माणसानं वाचलेली बाकीची पुस्तकं ताबडतोब शोधायची.

लागलेला खवा आम्ही विकत नाही. त्यात साखर घालून पेढे करतो आणि गल्लीत वाटतो. आता गल्लीतले लोक पेढा तोंडात टाकून विचारतात, "काय वहिनी, आज खून होता का?"

माझा खवा कितीदा तरी लागला. मैनाचा त्याहून जास्त. रुक्मिणकाकूंचा मात्र आजवर कधीच नाही. भूत येऊ द्या, दरोडा पडू द्या, नायिका विहिरीच्या काठावर उभी राहू द्या, काकूंचं उलथनं आपलं फिरतंय. वर आम्हालाच म्हणणार, "कानानं ऐकावं. हातानं कशाला ऐकता?"

*

पुस्तक कुणी लिहिलं याच्याशी काकूंना काही देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी जो वाचतो तोच मालक, आणि बोलणी खायची तीही त्यानंच.

एक खर्जातल्या आवाजाचे गृहस्थ होते. मला भारी वाटायचा तो आवाज. काकू म्हणाल्या, "जेवून उठला आन तसाच वाचाया बसला. जरा फिरून यायचं की." झालं, तेव्हापासून त्या माणसाचा आवाज आला की मला भरलेलं ताट दिसतं.

दुसरे एक होते, ते बायकांची वाक्यं आली की आवाज बारीक करायचे. काकू म्हणाल्या, "आमचं मालक माझी नक्कल करायचे तवा असंच बोलायचे. मी तवाबी असं बोलत नव्हते."

तिसरा तर नायिका मेली तेव्हा हुंदके देऊन रडला. माझे डोळे भरून आले, पदर नाकाला लागला. काकू शांतपणे म्हणाल्या, "सगळं त्योच रडला. आपल्याला काय ठिवलंच न्हाय." त्या बिचारीचा पुढचा सगळा अंत्यविधी मी हसत ऐकला.

*

एकदा मैनाचा ओला अंगठा मोबाईलवर कुठंतरी लागला आणि पुस्तक दीडपट वेगानं सुरू झालं. आम्हाला कुणाला कळलं नाही. वाटलं, वाचणारी नवीन दिसते, चटपटीत आहे.

ती पळायला लागली तसे आमचे हातही पळायला लागले. दूध उसळतंय, आम्ही घामाघूम, नायकाचं लग्न ठरलं, झालं आणि मोडलंसुद्धा. शेवटी काकू म्हणाल्या, "ह्या बाईची यष्टी सुटायलीय काय?"

मैनानं मोबाईल बघितला, जीभ चावली आणि वेग कमी केला. तीच बाई एकदम निवांत बोलायला लागली. काकूंनी मान डोलावली. "गावली वाटतं खिडकीची जागा."

*

मिस्टरांचा किस्सा त्यांच्या देखत सांगता येत नाही, म्हणून इथंच उरकून घेते.

रहस्यकथा चालू होती. वाचणारीनं अशी काही किंकाळी फोडली की मिस्टर शेतातून काठी घेऊन पळत आले. दारातच ओरडले, "कोण मेलं?"

मैना म्हणाली, "अजून कळलं न्हाय. गप बसा दादा, ऐकू द्या."

मिस्टर गप बसले. काठी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसले. खुनी सापडला तेव्हा त्यांना आठवलं की विहिरीवरची मोटर चालूच आहे. कांद्यात गुडघाभर पाणी झालं होतं. मी काही बोलायच्या आत मला म्हणाले, "पण वाचलं चांगलं तिनं."

*

बब्रुवानमामांची तऱ्हा निराळी. ते दुधाचे कॅन उतरवतात, चहा पितात आणि जातात. चहा संपेपर्यंत जेवढी कानावर पडेल तेवढी गोष्ट त्यांची. रोज एवढंच, ना पुढचं ना मागचं. आणि बरीच पुस्तकं एकाच बाईनं वाचलेली. त्यामुळं मामांची समजूत झाली की पहिल्या दिवसापासून आपल्याकडं एकच गोष्ट चालू आहे.

एक दिवस चहाचा कप खाली ठेवून काळजीनं म्हणाले, "त्या डॉक्टरनं इन्स्पेक्टरच्या बहिणीशी लगीन करायला नको हुतं. तिच्या अंगात ती हवेलीतली बाई येती, त्याला कुणी सांगितलंच न्हाय का?"

डॉक्टर एका पुस्तकातला, इन्स्पेक्टर दुसऱ्यातला, हवेली तिसऱ्यातली. मी समजावून सांगायला गेले, तर मैनानं मला खुणेनं गप केलं. नंतर कळलं की मामा ही गोष्ट रोज स्टँडवरच्या हॉटेलात सांगतात आणि ती ऐकायला लोक थांबतात. मीही एकदा भाजी आणायच्या निमित्तानं जाऊन उभी राहिले. खोटं कशाला बोलू, आमच्या तिन्ही पुस्तकांपेक्षा बरी होती.

*

मैना मुळातच बोलकी. तिचं तोंड एकदा सुरू झालं की काकूंचं ठरलेलं वाक्य, "तू गप गं. त्या बाईला बोलू दे."

एकदा ऐन शेवटाला मोबाईल बंद पडला आणि गावात लाईट नव्हती. नायिकेनं नवऱ्याचं घर सोडायचं की नाही, तिथंच गोष्ट अडकली. आम्ही सगळे हळहळलो. मग मैनानं उलथनं न थांबवता, त्याच वाचणाऱ्या बाईच्या ढंगात, पुढची गोष्ट मनानंच सांगायला सुरुवात केली. घर सोडलं, गाडीत बसली, परत उतरली, उंबऱ्यापर्यंत आली. माझा खवा लागला. मिस्टर शेतातून येऊन बसले. काकू त्या दिवशी "गप गं" म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी खरा शेवट ऐकला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मिस्टर म्हणाले, "कालचं बरं हुतं."

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून धडधडतं.

पुण्याच्या एका ऑडिओबुकवाल्यांना आपल्याकडची बोली बोलणारी वाचक हवी होती. मैनानं आम्हाला न सांगता आवाज पाठवला. त्यांनी एका कादंबरीचं पहिलं प्रकरण धाडलं, एवढं वाचून पाठवा म्हणाले. भट्टीला सुट्टी होती तेव्हा ती तिथंच, भर उन्हाच्या वेळी, डोक्यावरून गोधडी घेऊन वाचायला बसली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. नेमके तेव्हाच मामा रिकामे कॅन न्यायला आले. कोपऱ्यात गोधडी बोलतेय हे बघून आल्या पावली परत गेले. हॉटेलातल्या गोष्टीत दुसऱ्या दिवशी हवेलीतल्या बाईला गोधडी मिळाली!

पुण्याहून उत्तर आलं. आवाज पसंत होता, पण पूर्ण पुस्तकासाठी तिकडं महिनाभर राहावं लागणार होतं. राहायला मैनाची मावशी होती. नवरा तयार होता. काकू नव्हत्या.

"हितं दिसभर बोलती ती कमी हाय व्हय? आता पुण्याला जाऊन लोकांच्या कानात बोलनार. आन म्हशी कोण बघंल?"

विषय संपला. दुसऱ्या दिवशी मैना कढईवर एक अक्षर बोलली नाही. भट्टी एवढी गप मी कधी बघितली नव्हती. मला फार वाईट वाटलं आणि काकूंचा रागही आला. पुण्याला हो-नाही कळवायची मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती.

मग मीच मैनाचा मोबाईल घेतला आणि म्हणाले, "काकू, एक नवीन बाई आलीय वाचायला. बघा कशी वाटते." मैनानं घाबरून माझ्याकडं बघितलं. तोवर मी बटण दाबलं होतं.

भर दुपारी एक बाई फाट्यावर उतरते आणि चालत माहेरी निघते, एवढीच गोष्ट होती. पण मैना ते असं सावकाश, असं जवळ बसून सांगितल्यासारखं वाचत होती की ही आमचीच बडबडी मैना यावर माझाच विश्वास बसेना. ती बाई घरापाशी येते. दाराला कुलूप. शेजारीण किल्ली घेऊन बाहेर येते, तिच्याकडं बघते, आणि किल्ली देत नाही. तिथं प्रकरण संपलं.

दारात कॅन घेऊन उभे असलेले मामा नाक वर करून म्हणाले, "काईतरी लागायलंय."

मी माझी कढई बघितली. ठीक होती. मैनानं तिची बघितली. तीही ठीक होती. मग आम्ही सगळ्यांनी हळूच काकूंकडं बघितलं. काकूंचा हात थांबलेला होता, नजर स्पीकरवर होती आणि कढईतून धूर निघत होता.

काकू दचकल्या. उलथनं जोरात फिरवत म्हणाल्या, "जाळ कुणी वाढवला गं?"

जाळाला कुणी हातही लावला नव्हता.

काकूंनी बराच वेळ कढईचा तळ खरवडला. मग मला म्हणाल्या, "सुनंदा, फुडचं लाव."

"पुढचं नाही काकू. अजून वाचायचंय तिनं."

काकूंनी शेजारच्या कढईकडं वळूनही बघितलं नाही.

"मग तिला म्हणावं, जा. म्हशी मी बघते."