पाटलांच्या नाल्यातला समुद्र

मायक्रोस्कोपखाली शिंपला होता. शिंपला म्हणजे त्याचा कपचा, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पण गुलाबी आणि पन्हळीदार. नागपूरची दुपार, खिडकीला वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर नुकतंच पाणी मारलेलं. मी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. शिंपला तिथेच होता. सॅम्पलच्या थैलीतल्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं : नाल्याची वाळू, अनसिंगजवळ, तालुका वाशीम.

वाशीमपासून समुद्र किती लांब, हे सांगायला भूगोलाचे मास्तर लागत नाहीत.

मी सरकारी लॅबमध्ये केमिस्ट होतो. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती. त्याआधी मी दोन वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर काळी वाळू तपासत हिंडलो होतो. ती ओंजळीत घेतली की साध्या वाळूच्या जवळजवळ दुप्पट जड लागते. तिच्यात मुख्य खनिजं दोन. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं. ते साध्या चुंबकाला उडी मारून चिकटतं. इल्मेनाइटमध्ये लोखंड आणि टिटॅनियम. ते साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही, त्याला विजेवरचा जबरदस्त चुंबक लागतो. लाटा हलकी वाळू ओढून नेतात, जड मागे ठेवतात आणि घोळून घोळून गुळगुळीत करतात. नाल्याची वाळू कोनेदार, लहानमोठी, मातकट असते. काचेखालचे कण एकसारखे, गुळगुळीत होते. ते पाहता पाहता मला लाटा ऐकू यायला लागल्या, खोटं कशाला सांगू. दहा मिनिटं मी लॅबमध्ये नव्हतोच.

"काय निघालं?" मागून साहेबांनी विचारलं.

"समुद्राची वाळू, सर."

"वाशीमला? मग पाटलानेच भेसळ केली. खाण निघेल, जमिनीला भाव येईल, म्हणून. तसं लिहा. कॉपी तहसीलदारांना."

सॅम्पल पाठवणारे पुंडलिकराव गावचे पोलीस पाटील होते. सरकारला फसवलं असा कागद गेला की त्यांची पाटिलकी जाणार, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी रिपोर्ट लिहिला. सही मात्र केली नाही. कोकणातली वाळू या माणसाने आणली कुठून?

"सर, एकदा जाऊन येतो."

"चार दिवसांत परत या," साहेब म्हणाले.

मोटारीने वाशीम, पुढे पाटलांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी. कापूस निघून गेलेली शेतं दोन्हीकडे निजलेली. बैलांच्या घुंगरांनी मलाही डुलकी लागली, आणि स्वप्नात नाल्याला भरती आली होती.

नाला कोरडा होता. वळणावर काळ्या वाळूच्या रेघा चकाकत होत्या.

"लोहारानं सांगतलं का पाटील, हे वाळू चुंबकाले चिकटते," पुंडलिकराव म्हणाले. "मले वाटलं, लोखंड असन तं येथीच कारखाना होईन. गावच्या पोट्ट्यायले कामाले दूर जा लागनार नाई."

मी म्हटलं, "माझ्यासमोर थैली भरा."

त्यांनी रेघांवरची वाळू ओंजळीने भरली. बाभळीच्या सावलीत गावचे म्हातारे पटवारी बसले होते. त्यांनी टाक बुडवून चिठ्ठी लिहिली, पितळी डबी उघडली आणि ओल्या अक्षरांवर काळी वाळू भुरभुरली. मग चिठ्ठीची घडी करून वाळूसकट थैलीत सारली.

"हे काय केलंत?"

"शाई वाळवली, साहेब, मागच्या खेपेसारखीच. टीपकागद कोठी भेटते येथी?"

"अहो, पण ती वाळू थैलीत?"

"वाळूतच तं वाळू टाकली, बाप्पा. त्यानं काय बिघडते?"

मी डबीतली चिमूट भिंगाखाली धरली. गुळगुळीत कण, आणि मधूनच गुलाबी कपचा. पटवाऱ्यांच्या आजोबांनी ती वाशीमच्या बाजारात घेतली होती, एका कोकणातल्या व्यापाऱ्याकडून.

माझे कान गरम झाले. नियम असा, की थैली पूर्ण ओतायची, ढीग करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन मिसळायचे, पुन्हा तेच, आणि मग चिमूट घ्यायची. पहिल्या थैलीतली चिमूट मी उकाड्याला कंटाळून वरूनच उचलली होती, चिठ्ठीखालची.

"पाटील," मी म्हणालो, "मी तुम्हाला लबाड ठरवणार होतो. रिपोर्ट लिहून ठेवलाय. चूक माझी आहे."

मला त्यांच्याकडे बघवेना.

"अन् लोखंड?" त्यांनी विचारलं.

"आहे, पण या रेघांपुरतंच. कारखाना नाही व्हायचा."

त्यांनी मान हलवली. मग डबी मागून घेतली, वाळू तळहातावर ओतली आणि बोटाने पसरली.

"हे समुद्रातली व्हय?"

"हो."

"पटवारी, माह्या बापाच्या मरनाची नोंद तुमी याच वाळूनं वाळवली असन ना?"

"हाव," पटवारी म्हणाले. "माह्या आज्यापासून गावातल्या साऱ्या नोंदी हिनंच वाळवल्या."

पाटलांनी वाळूचा एकही कण न सांडता ती डबीत परत ओतली. तिघेही आम्ही सावलीत बसून राहिलो. समोर वारा कापसाच्या वाळक्या पराट्यांतून सळसळत होता आणि आवाज अगदी किनाऱ्यासारखा येत होता.

नागपूरला येऊन मी जुना रिपोर्ट फाडला. नव्यात लिहिलं : भेसळ नाही, चूक तपासणाऱ्याची.

"ती शेवटची ओळ काढा," साहेब म्हणाले.

मी काढली नाही. माझं प्रमोशन दोन वर्षं लांबलं, पुंडलिकरावांची पाटिलकी राहिली. नव्या केमिस्टांना मी एवढंच सांगत आलो : माणसाला लबाड म्हणण्याआधी थैली पूर्ण ओता.